लेंगीचा ठेका आणि सिक्वेन्सरची चौकट
संगणकावर ढोल-डफ 'लिहिताना' ठोक्याची वेळ समजून घेणे का गरजेचे?

यवतमाळ : होळीचा सण जवळ आला, की पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी या भागांतील बंजारा तांड्यांवर लेंगी गीतांचे सूर उमटू लागतात. डफाच्या तालावर, रिंगण धरून म्हटली जाणारी ही गीते म्हणजे गोरबोलीचे पिढीजात धन. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झरी जामणी, केळापूर, मारेगाव परिसरातील कोलाम पोडांवर ढोलाच्या साथीने ढेमसा रंगतो, तर पोळ्याला गावोगावी डफडी कडाडतात. तालवाद्यांची अशी श्रीमंती लाभलेल्या या जिल्ह्यातील तालांना आता आणखी एक घर मिळाले आहे. ते म्हणजे संगणक.

लेंगीची आणि गोंडी गीतांची 'डीजे' रूपे यू-ट्यूबवर आवडीने ऐकली जातात, लग्नाच्या वरातीतही ती वाजतात. या गाण्यांतील ढोल आणि डफ पुष्कळदा कोणी सलग वाजवलेले नसतात. 'सिक्वेन्सर' नावाच्या प्रणालीत ते एकेक ठोक्याने मांडलेले असतात. एखाद्या तरुणाला घरच्या संगणकावर किंवा मोबाईलवर हे काम करता येते, ही मोठीच सोय झाली आहे. मात्र या प्रणालीत 'क्वांटाइझ' नावाची एक आज्ञा असते. चुकलेला ताल क्षणार्धात 'दुरुस्त' करणारी, अशी तिची ख्याती आहे. पण नेमके काय चुकले होते आणि काय मुळातच तसे होते, हा निवाडा यंत्राला करता येत नाही. तो माणसानेच करावा लागतो. त्यासाठी ही आज्ञा ठोक्याचे काय करते, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

ठोका नव्हे, ठोक्याची नोंद

सिक्वेन्सर म्हणजे वाजवण्याच्या सूचना क्रमाने साठवणारी आणि त्याच क्रमाने पुन्हा वाजवून दाखवणारी यंत्रणा. ध्वनिमुद्रण यंत्र आवाज साठवते, सिक्वेन्सर सूचना साठवतो, हा दोहोंतील मुख्य फरक. ऑक्टोपॅडच्या एखाद्या पॅडवर काठी पडली, की तेथून 'कोणते वाद्य वाजले' आणि 'किती जोराने वाजले' एवढीच माहिती निघते. ती पोहोचताच सिक्वेन्सर तिच्यावर 'कधी वाजले' याचा शिक्का मारतो.

निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी अशा सूचनांची देवाणघेवाण करता यावी, म्हणून १९८३ मध्ये 'मिडी' हा समान संकेत अस्तित्वात आला. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील 'रोलँड' कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांचा त्यात पुढाकार होता. या कामगिरीबद्दल दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक विभागाचा ग्रॅमी सन्मान मिळाला. आघाताचा जोर या संकेतात १ ते १२७ अशा अंकांत मोजला जातो. ऑर्केस्ट्रामधील ऑक्टोपॅडपासून संगणकावरील 'एफएल स्टुडिओ'पर्यंत सर्वत्र आजही हीच भाषा मुख्यत्वे चालते.

मात्रेची जाळी

'कधी वाजले' हे सिक्वेन्सर घड्याळातील सेकंदांत लिहीत नाही, मात्रेच्या हिशेबात लिहितो. मिनिटाला १०० मात्रा अशी लय ठेवली, तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची होते. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. या मात्रेचे प्रणाली आणखी बारीक कण पाडते. त्यांना 'टिक' म्हणतात. मात्रेचे ९६ टिक पाडले, तर एक टिक सव्वासहा मिलिसेकंदांचा होतो. ९६० पाडले, तर पाऊण मिलिसेकंदाहूनही कमी. टिक जितके बारीक, तितकी ठोक्याची जागा अधिक नेमकी नोंदवली जाते.

पडद्यावर मात्र हे सारे टिक दिसत नाहीत. तेथे दिसतात उभ्या रेषा. सर्वसाधारणपणे एका मात्रेचे चार समान भाग पाडलेले असतात. वरील लयीत या रेषा ०, १५०, ३०० आणि ४५० मिलिसेकंदांवर पडतात. या रेषांची मिळून एक जाळी तयार होते. जाळीबाहेर पडलेला ठोका उचलून सर्वांत जवळच्या रेषेवर नेऊन ठेवणे, म्हणजे क्वांटायझेशन. ४३० व्या मिलिसेकंदाला पडलेला ठोका त्यामुळे ४५० वर जातो, १६५ वरचा ठोका १५० वर येतो.

ही सोय निरुपयोगी आहे, असे मुळीच नाही. वाजवणाऱ्याचा हात कच्चा असेल, तर ती कामाला येते. एका वाद्यावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे असे थर चढवताना सर्वांना एका मापात बसवण्यासाठीही ती लागते. यंत्राचा काटेकोर ताल बेसूर किंवा निर्जीवच असतो, असेही म्हणता येत नाही. मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या 'टीआर-८०८' या तालयंत्रासह इतर विद्युत वाद्यांवर दहा राग वाजवून एक ध्वनिमुद्रिका काढली. त्या वेळी ती फारशी चालली नाही, मात्र २०१० मध्ये पुनर्प्रकाशित झाल्यावर जगभरातील रसिकांनी तिची दखल घेतली. त्या संगीताची मूळ कल्पनाच यंत्राच्या अढळ तालावर उभी होती. घडवायचे आहे ते यंत्राचे संगीत, की तांड्यावरचा ठेका, यावर उत्तर अवलंबून असते.

दहा मिलिसेकंदांचे दीडशे कसे होतात?

खरी अडचण येते, ती जाळी आणि ठेका यांची जात जुळत नाही तेव्हा. महाराष्ट्रातील अनेक लोकठेके मात्रेचे चार भाग न करता तीन भाग करणारे आहेत, किंवा या दोहोंच्या मधे कोठेतरी झुलणारे आहेत. मात्रेचे तीन भाग केले, तर १०० च्या लयीत ठोके ०, २०० आणि ४०० मिलिसेकंदांवर पडतात. हा ठेका चार भागांच्या जाळीत टाकून क्वांटाइझ केला, की २०० वरचा ठोका १५० वर येतो आणि ४०० वरचा ४५० वर जातो. एक ठोका ५० मिलिसेकंद लवकर, दुसरा ५० मिलिसेकंद उशिरा. वाद्य तेच, बोल तेच, लयही तीच. पण ठेक्याची चाल पार बदलून जाते. ऐकणाऱ्याला 'काहीतरी बिघडले' एवढेच जाणवते, काय बिघडले ते सांगता येत नाही.

याहून विचित्र प्रकार मधल्या जागेवरच्या ठोक्यांबाबत घडतो. समजा, डफवादकाचा एक ठोका प्रत्येक वेळी ३७५ मिलिसेकंदांच्या आसपास पडतो. ही जागा ३०० आणि ४५० या दोन रेषांच्या बरोबर मध्यावर आहे. एका आवर्तनात तो ठोका ३७० वर पडला आणि पुढच्या आवर्तनात ३८० वर. दोहोंत फरक अवघा दहा मिलिसेकंदांचा. कानाला दोन्ही सारखेच. क्वांटायझेशनमध्ये मात्र पहिला ठोका ३०० वर ओढला जातो, तर दुसरा ४५० वर ढकलला जातो. दहा मिलिसेकंदांचे अंतर दीडशेचे होते. सुधारण्यासाठी दिलेली आज्ञा येथे नसलेली चूक निर्माण करते.

अशा वेळी वादकाचा हात 'कच्चा' आहे, असा निष्कर्ष काढला जाण्याचा धोका असतो. वस्तुतः तो ठोका प्रत्येक आवर्तनात जवळपास त्याच जागी पडत असेल, तर हात पक्का आहे. चुकीची आहे ती जाळी. चूक आणि शैली यांतील फरक ओळखण्याची साधी कसोटी हीच. चूक दर वेळी वेगळ्या जागी पडते, शैली पुन्हा पुन्हा त्याच जागी येते.

रिंगणातील अंतरही ऐकू येते

लोकवादनात वाद्ये एकटी-दुकटी नसतात. पाच-सहा डफ एकत्र वाजत असताना त्यांचे ठोके एकाच क्षणी कधीच पडत नाहीत. याला कारण केवळ माणसाचा हात नव्हे. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४५ ते ३५० मीटर वेगाने जातो. दहा मीटर व्यासाच्या रिंगणात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन वादकांना परस्परांचा ठोका सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. म्हणजे सर्वांनी अचूक वाजवले, तरी ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत ठोके थोडे विखरूनच पोहोचतात. हा विखार कानाला 'पुष्कळ माणसे वाजवत आहेत' असे सांगतो.

संगणकावर सहा डफ एकाच टिकवर आणून ठेवले, की हा विखार नाहीसा होतो. सहा डफांचा मिळून एकच, पण मोठा डफ ऐकू येतो. त्यातही सहा ठिकाणी एकच ध्वनिनमुना वापरला असेल, तर परिणाम अधिकच सपाट होतो. आवाज वाढतो, गर्दी मात्र दिसेनाशी होते. 'डीजेचा ढोल दणदणीत असतो, पण भरल्यासारखा वाटत नाही' असे जाणते श्रोते म्हणतात, त्याचे एक कारण येथे सापडते.

यंत्र घडवणाऱ्यांनाही होती जाणीव

ही मर्यादा तालयंत्रे घडवणाऱ्यांच्या लक्षात आली नव्हती, असे नाही. अमेरिकेतील रॉजर लिन यांनी १९८० मध्ये 'एलएम-१' हे यंत्र बाजारात आणले. खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज वाजवणारे हे पहिले प्रोग्राम करता येणारे तालयंत्र. वेळ दुरुस्त करण्याची सोय त्यात होती आणि तिच्याच जोडीला ठेका झुलवण्याची सोयही होती. तिलाच पुढे 'स्विंग' हे नाव रूढ झाले. १९८८ मध्ये अकाई कंपनीने लिन यांच्या सहकार्याने काढलेल्या 'एमपीसी-६०' या यंत्रामुळे ती जगभर पोहोचली.

स्विंगचा हिशेब सोपा आहे. अर्ध्या मात्रेत दोन ठोके असतील, तर दुसरा ठोका किती टक्क्यांवर पडावा, हे त्यात ठरवता येते. १०० च्या लयीत अर्धी मात्रा ३०० मिलिसेकंदांची. ५० टक्के ठेवले, तर दुसरा ठोका १५० वर, म्हणजे सरळ. ५८ टक्क्यांना तो १७४ वर सरकतो. ६६ टक्क्यांच्या आसपास तो २०० च्या जवळ जाऊन तीन भागांच्या ठेक्यासारखा झोका देतो. या दोन टोकांच्या मधे बरीच मोकळी जागा आहे आणि अनेक लोकठेक्यांचा मुक्काम याच जागेत असतो.

अमेरिकेतील डेट्रॉइटचे संगीतकार जे डिला (निधन २००६) यांनी त्याही पुढे जाऊन काही ठोके जाळीवर, तर काही मुद्दाम जाळीबाहेर ठेवण्याची शैली घडवली. त्यांचे एमपीसी यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. पश्चिम आफ्रिकेतील माली या देशात जेंबे वादनाचे मोजमाप करणारे जर्मन अभ्यासक रेनर पोलाक यांचे निष्कर्ष तर यवतमाळच्या वाचकांना अधिक जवळचे वाटावेत. तेथील काही ठेक्यांत मात्रेचे भाग समान नसतात. एक आखूड, दुसरा लांब अशी त्यांची ठरलेली मांडणी असते, वादक ती सातत्याने पाळतात आणि लय वाढली तरी तिचा घाट टिकून राहतो, असे त्यांना आढळले. म्हणजे असमानता हा तेथे अपघात नव्हे, तोच नियम आहे.

या विषयावर अभ्यासकांचे पूर्ण एकमत नाही, हेही नमूद करायला हवे. काही प्रयोगांत श्रोत्यांनी काटेकोर तालालाही झुकत्या तालाइतकीच, क्वचित अधिक पसंती दिली आहे. केवळ ठोके इकडे-तिकडे हलवल्याने ठेक्यात जिवंतपणा येत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणूनच अनेक प्रणालींत असलेली 'ह्युमनाइझ' ही आज्ञा हा काही रामबाण उपाय नव्हे. ती ठोके स्वैरपणे विस्कटते. माणूस स्वैर वाजवत नाही. त्याचा प्रत्येक झुकाव कोठे आणि किती, हे परंपरेने ठरलेले असते.

मग करायचे काय?

पहिली पायरी ऐकण्याची. प्रत्यक्ष वादकाचे दोन-तीन मिनिटांचे सलग वादन मुद्रित करून घ्यावे. त्या वेळी वादकाच्या कानात यंत्राची टिकटिक देऊ नये, अन्यथा तो तिच्यामागे जाऊ लागतो. हे मुद्रण प्रणालीत आणून त्यातील ठोके जाळीच्या कोणत्या बाजूला, किती अंतरावर पडतात, हे पडद्यावर पाहावे. पाच-सहा आवर्तनांत तेच अंतर दिसले, तर तो ठेक्याचा स्वभाव समजावा.

दुसरी पायरी लय निश्चित करण्याची. लोकनृत्यांत लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी क्वचितच असते, नाच रंगत जातो तशी ती चढते. संपूर्ण गाणे एकाच आकड्यावर बसवले, तर ही चढण हरवते. बहुतेक संगणकीय प्रणालींत लयीचा आकडा गाण्याच्या ओघात बदलता येतो. त्या सोयीचा उपयोग करावा.

तिसरी पायरी जाळी निवडण्याची. ठेका तीन भागांचा असेल, तर तीन भागांची जाळी घ्यावी. तो मधेच झुलत असेल, तर स्विंगचा आकडा कानाने ठरवावा. अनेक प्रणालींत मुद्रित वादनातील झुकाव उचलून त्याचीच जाळी करण्याची सोयही असते. ती 'ग्रूव्ह टेम्प्लेट' या नावाने ओळखली जाते. लोकतालासाठी सर्वांत उपयुक्त सोय हीच आहे. येथे वादकाला यंत्राच्या मापात बसवले जात नाही, यंत्र वादकाचे माप घेते.

चौथी पायरी प्रमाणाची. क्वांटायझेशन शंभर टक्केच करावे, असे बंधन नाही. ४५० च्या रेषेसाठी ४३० वर पडलेला ठोका ५० टक्के तीव्रतेने दुरुस्त केला, तर तो ४४० वर येतो. चूक निम्मी होते आणि हाताची खूणही राहते. समेचा जड ठोका जाळीवर पक्का ठेवून मधले हलके ठोके मोकळे सोडणे, हाही एक चांगला मार्ग.

पाचवी पायरी जोराची. सर्व ठोके १२७ या कमाल जोराने ठेवले, तर वेळ कितीही साधली, तरी ठेका बोलत नाही. डफावरचा भरीव घाव आणि काडीचा हलका ठोका यांतील अंतर अंकांत उतरायलाच हवे.

दोष हाताचा, की यंत्राचा?

नव्याने हे काम शिकणाऱ्यांची एक नेहमीची फसगत होते. वाजवलेले सारेच ठोके उशिरा नोंदले जातात आणि ते दुरुस्त करण्यासाठी क्वांटाइझचा आधार घेतला जातो. हा उशीर अनेकदा संगणकाचा असतो. आवाज हाताळताना संगणक त्याचे छोटे तुकडे साठवून मग पुढे पाठवतो. ५१२ नमुन्यांचा एक तुकडा ठेवला, तर नेहमीच्या ४४,१०० च्या गतीला त्यातच सुमारे साडेअकरा मिलिसेकंद जातात. ब्लूटूथ हेडफोन लावला असेल, तर उशीर शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जाऊ शकतो. असा उशीर सर्व ठोक्यांना सारखाच असतो. तेव्हा साऱ्या ठोक्यांची रांग तेवढ्याच अंतराने मागे सरकवावी, त्यांचे आपसातील अंतर बदलू नये. वादन मुद्रित करताना तारेचा हेडफोन वापरला, तरी निम्मा प्रश्न सुटतो.

जतन करायचे ते काय?

बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे नंगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय उभे राहिले आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एका तालवाद्याला समाजाच्या ओळखीचे स्थान मिळावे, ही अभिमानाची बाब आहे. परंतु नंगारा जपला, म्हणजे त्यावरचा ठेका आपोआप जपला जातो असे नाही. ठेका दोन ठोक्यांमधील अंतरात असतो आणि ते अंतर कोठेही लिहून ठेवलेले नाही. ते वाजवणाऱ्यांच्या हातात आणि ऐकणाऱ्यांच्या कानात आहे.

आज तांड्यावरचे मूल लेंगी रिंगणात जितकी ऐकते, त्याहून अधिक ती मोबाईलवर ऐकत असण्याची शक्यता आहे. मोबाईलवर कानी पडणारा सपाट ठेकाच त्याला मूळ वाटू लागला, तर उद्या जाणत्या वादकाचा झुलता हातच त्याला 'चुकलेला' भासेल. याचा अर्थ डीजे गाणी करू नयेत, असा नव्हे. गोरबोली आणि गोंडी गीतांना नवा श्रोता मिळवून देण्याचे मोठे काम या गाण्यांनी केले आहे. ती तयार करणाऱ्या तरुणांच्या हाती असलेली साधनेही पूर्वीपेक्षा कितीतरी समर्थ आहेत. जाळी बदलणे, दुरुस्तीची तीव्रता कमी करणे, वादकाचा झुकाव उचलून घेणे, हे सारे त्यांच्या संगणकात आजही उपलब्ध आहे. येत्या होळीला रिंगणातील जाणत्या डफवादकाचे चार ठेके मुद्रित करून घेतले आणि संगणकासमोर बसताना ते आधी ऐकले, तर कोणता ठोका सरकवायचा आणि कोणता जागेवर ठेवायचा, हे ठरवणे पुष्कळ सोपे होईल.